गोधडीसाठी थंडीतले नमुने नेमके कुठे शोधावेत?

धावदोरा (निफाड तालुका)

गेली तीन वर्षे मी घरातल्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या हाताने शिवते आहे. धावदोरा आता बऱ्यापैकी सरळ येतो, कडेची पट्टीही वाकडी होत नाही. परंतु मांडणीच्या बाबतीत मी एकाच जागी अडकले आहे. सहा इंचांचे चौकोन कापायचे, एक गडद आणि एक फिका असे बुद्धिबळाच्या पटासारखे लावायचे आणि पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडीत दहा गुणिले चौदा म्हणजे १४० चौकोन बसले की समाधान मानायचे, याच्या पुढे माझी मजल जात नाही.

गेल्या हिवाळ्यात काही नवे करावे म्हणून मी परदेशी गोधड्यांची छायाचित्रे पाहिली. त्यांत बर्फाचे सहा टोकांचे स्फटिक होते, सूचिपर्णी झाडे होती. त्यांतला एक स्फटिक मी निळ्या कापडावर पांढऱ्या तुकड्यांनी बसवला. काम स्वच्छ झाले होते, पण सासूबाईंनी गोधडी उलटसुलट करून पाहिली आणि "हे कोळ्याचं जाळं कशाला शिवलंस?" असे विचारले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. निफाडचा पारा राज्यात नीचांकाला जातो हे आपण दर डिसेंबरात वाचत असालच. तरीही आमच्या दारात बर्फ पडत नाही आणि तो स्फटिक माझ्या घरातल्या कोणाच्याही ओळखीचा नव्हता.

मग ओळखीचे असे काय घ्यावे? पहाटे बंबात लाकडे सरकवायची, डबे भरायचे, दिवसभर द्राक्षबागेत राबायचे आणि रात्री शेकोटीजवळ हात शेकून झोपायचे, असा आमचा हिवाळा असतो. सध्या तर घडांना कागद लावण्याचे काम चालू असल्यामुळे दुपारी मान वर करायलाही सवड नसते. यात नमुना म्हणून उचलावे असे मला काही दिसत नाही. मुलगी जूनमध्ये वसतिगृहात राहायला जाईल, तिच्यासाठी ही गोधडी करायची आहे. हाताशी तीन सुती लुगडी (दोन हिरवी, एक विटकरी), सासऱ्यांची दोन धोतरे, काही सदरे आणि बऱ्याच कृत्रिम धाग्याच्या साड्या आहेत. जाणकारांनी मार्ग सुचवावा.


फळा-खडू

मी ३१ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. गोधडी शिवता येत नाही, परंतु पाहायचे कसे एवढे सांगू शकेन.

थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सर्वांत मोठा बदल होतो तो सावल्यांत. २२ डिसेंबरच्या सुमारास तुमच्या निफाडला सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो, त्यामुळे पाच फुटांच्या काठीची सावली त्या वेळी जवळजवळ पावणेपाच फूट पडते. हीच काठी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात उभी केली तर एका दुपारी तिची सावली पायाशीच नाहीशी होते. म्हणजे उन्हाळ्यात जे अंगण तुम्हाला सपाट आणि पांढरेफटक दिसते, तेच डिसेंबर-जानेवारीत पट्ट्यापट्ट्यांचे होते. सकाळी साडेआठ वाजता दक्षिण-पूर्वेच्या खिडकीचे गज जमिनीवर कसे उतरतात ते पाहा. ते समांतर असतात, पण जमिनीवर पडल्यावर तिरके होतात आणि भिंतीला लागले की मोडून पुन्हा सरळ वर चढतात. तो मोड हाच एक उत्तम नमुना आहे आणि तो शिवायला सरळ पट्ट्या पुरतात.

माझा एक सोपा उपाय सांगतो. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात दोन इंच बाय तीन इंचांची खिडकी कापावी आणि तिच्यातून घर, अंगण, बाग पाहावी. डोळे किलकिले करावेत, म्हणजे वस्तूची नावे पुसली जातात आणि फक्त गडद, मध्यम आणि फिके असे तीन भाग उरतात. त्या तीन भागांचे प्रमाण बोटांनी मोजावे: गडद किती, फिके किती. चित्र न काढता केवळ हे प्रमाण वहीत टिपले तरी चालेल. माझ्या अनुभवात विद्यार्थी रंगात क्वचित चुकतात; त्यांचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा प्रमाणात. तुमच्या १४० चौकोनांत गडद आणि फिके अर्धे-अर्धे आहेत, आणि माझ्या मते तुमचा कंटाळा नेमका त्या सारखेपणातून आला असावा. कापड मांडून झाल्यावर मोबाइलवर एक छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहिले, तर प्रमाण बिघडले आहे की नाही हे लगेच समजते.


तिळगूळ

संक्रांतीचे कोणीच कसे सुचवले नाही? काळी चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचे दागिने, यापेक्षा ठसठशीत थंडीचा नमुना आपल्याकडे दुसरा नाही. काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे गाठीचे टाके घातले तर हलव्याचा काटासुद्धा दिसतो. माझ्या भाचीच्या बोरन्हाणासाठी मी असे दुपटे केले होते. काळ्या कापडावर कापसाचे तंतू फार दिसतात, एवढी एक अडचण तेवढी आहे.


गाठोडे (कोल्हापूर)

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे आणि ते रोखठोक वाटले तर राग मानू नये. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्या आजीने आयुष्यात किती वाकळा भरल्या याची मोजदाद नाही, पण नमुना शोधायला ती कधी घराबाहेर गेली नाही. तिचा नमुना गाठोड्यातून निघत असे. लुगड्याचा पदर टिकलेला असेल तर तो सबंध ठेवायचा. तोही डोक्याकडच्या बाजूला, म्हणजे अंधारात वाकळ ओढताना हाताला काठ लागला की डोके कोणते आणि पाय कोणते हे कळते. गालाला लागणार तिथे सर्वांत मऊ, शंभर धुण्यांनी विरत आलेले धोतर. पायाकडे सदऱ्याचे जाड कापड, कारण टाचा घासून वाकळ आधी तिथेच फाटते. एवढे ठरले की अर्धी मांडणी आपोआप होते, आणि उरलेल्या अर्ध्या भागाला तुकडे जेवढे आहेत तेवढेच लावावे लागतात. ज्या वाकळा आज लोक भिंतीवर टांगतात, त्या अशा निकडीतून झालेल्या आहेत.

म्हणून माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. आधी गाठोडे सोडा, सगळे कापड उजेडात पसरा आणि हाताने चाचपून तीन ढीग करा: मऊ, मध्यम आणि टिकाऊ. कृत्रिम धाग्याच्या साड्या बाजूला ठेवा. त्या सुती कापडाबरोबर धरल्या की सरकतात, थर एकमेकांवर बसत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि कोरड्या थंडीत रात्री अंगावरून ओढताना चटचट ठिणग्याही उडतात. शेजारपाजारच्या हौसेखातर मी एकदा तशी वाकळ केली होती; वर्षभरात आतले थर गोळा होऊन एका कोपऱ्यात बसले.

आणखी एक. आमच्याकडे वाकळा थंडीत भरत नसत. चैत्र-वैशाखात सुगी आटोपलेली असे, रिठ्याने धुतलेले कापड एका उन्हात खणखणीत वाळत असे, आणि चार बायका अंगणात बसून चार कडांनी आत येत असत. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, असे काहीतरी जड ठेवून कापड ताणून धरायचे, लांब लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे आणि मगच पक्की शिवण धरायची. थंडीत बोटे आखडतात आणि टाका लहानमोठा पडतो. तुम्हाला जूनमध्ये गोधडी हवी आहे, तेव्हा आत्ता घाई करण्याचे कारणच नाही. आत्ता पाहून ठेवा आणि मार्चनंतर शिवा.


कडबा (मंगळवेढा)

गाठोडेताईंचे कापडाबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण नमुना घराबाहेर नसतो हे पटले नाही. आमच्या भागात जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत शेताकडे पाहिले की मला दरवेळी वाकळच आठवते.

काळी जमीन, त्यावर मालदांडी ज्वारी आणि ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी. करडई काटेरी असल्यामुळे जनावरे आत घुसत नाहीत, म्हणून ती कडेला घेतात. म्हणजे शेतालासुद्धा किनार आहे आणि ती शोभेसाठी लावलेली नाही. करडईचे फूल आधी पिवळे असते आणि उतरू लागले की नारिंगी-तांबडे होत जाते, त्यामुळे एकाच ओळीत हे सगळे रंग शेजारी शेजारी उभे असतात. तुमच्या विटकरी लुगड्याच्या बारीक पट्ट्या अशा कडेला लावून पाहा. मधल्या मोठ्या भागात हिरवे राहू द्या, मात्र त्यात एकच हिरवा नको. ज्वारीचे पान निळसर हिरवे असते, कणसातला कोवळा दाणा दुधाळ हिरवा असतो, आणि खालची पाने वाळून कडब्याच्या रंगावर आलेली असतात.

टाक्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. ओल कमी झाली की काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि त्या बुजवण्यासाठी आम्ही कोळपणी करतो. कोळपे फिरल्यावर रानात ज्या समांतर रेघा उमटतात, त्या बांधापाशी येऊन वळतात आणि पुन्हा उलट जातात. माझ्या आईच्या वाकळेतला दोरा अगदी तसाच वळत असे. तिने ते ठरवून केले होते का, हे तिला विचारायचे राहून गेले.


उणे बारा (मिनियापोलिस)

मूळ प्रश्नातल्या बर्फाच्या स्फटिकाबद्दल मला लिहावेसे वाटते, कारण मी जिथे राहते तिथे तो खरोखर कोटाच्या बाहीवर येऊन बसतो. इथल्या बायकांनी तो गोधडीवर घेतला, कारण तो त्यांच्या दारातला होता. इथल्या जुन्या नमुन्यांची नावे ऐकली तरी हे समजते. 'रेल फेन्स' म्हणजे शेताचे लाकडी कुंपण, 'बेअर्स पॉ' म्हणजे अस्वलाचा पंजा. 'लॉग कॅबिन' या नमुन्यात मध्यभागी एक लहान चौकोन ठेवून त्याच्याभोवती ओंडके रचावेत तशा पट्ट्या फिरवत नेतात. मधला चौकोन लाल घेण्याची जुनी पद्धत आहे आणि त्याला घरातल्या चुलीचा विस्तव म्हणतात. बंबाभोवती रचलेल्या लाकडांशी त्याचे नाते जोडायला तुम्हाला काही अडचण येऊ नये.

'फ्लाइंग गीज' नावाचा नमुना तर तुमच्यासाठी जवळजवळ शिवून ठेवलेलाच आहे. सहा इंच रुंद आणि तीन इंच उंच आयतात एक मोठा त्रिकोण, त्याच्या दोन बाजूंना आकाशाचे दोन लहान त्रिकोण, आणि असे आयत एकावर एक रचत गेले की हंसांचा थवा उडत चालल्यासारखा दिसतो. इथे तो दक्षिणेकडे जाणाऱ्या पक्ष्यांवरून आला. आणि तुमच्या निफाड तालुक्यातच नांदूरमध्यमेश्वर आहे. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेले ते महाराष्ट्रातले पहिले पाणथळ. तिथे थंडीत हिमालय ओलांडून पट्टकादंब नावाचे हंस येतात, ज्यांच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे असतात. तोच त्रिकोण घ्या, फक्त फिक्या करड्या कापडाचा करा आणि टोकाजवळ काळ्या कापडाच्या दोन बारीक रेघा बसवा.

इथे आणखी एक पद्धत चालते, तिच्याबद्दल मात्र सावध करते. रोज एक पट्टी लावायची आणि त्या दिवसाच्या कमाल तापमानाप्रमाणे तिचा रंग ठरवायचा. मी डिसेंबर ते फेब्रुवारी अशा ९० पट्ट्यांची गोधडी केली. कल्पना मोहक होती, पण प्रत्यक्षात ७० पट्ट्या दोनच निळ्या रंगांत गेल्या. त्या सगळ्या निळ्यात जानेवारीतला एकच दिवस पिवळा आला आहे, आणि घरातले लहान मूल झोपताना बोट ठेवते ते तेवढ्याच पट्टीवर.


सीमाभाग (खानापूर)

थोडी भर घालते. आमच्या बाजूला कानडीत हिला कौदी म्हणतात. जवळच्या हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी समाजाच्या बायका जी कवंदी शिवतात, तिच्यात तुकडे आधी जोडून मग थर बसवत नाहीत. कडेपासून सुरुवात करून एकेक तुकडा दुमडत, शिवत आत आत येतात आणि मध्यभागी पोहोचतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचे लहान त्रिकोण लावतात, त्यांना फुले म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडी समजतात. या पद्धतीत मांडणी आधी कागदावर ठरवावी लागत नाही. ज्यांना आखणीचा कंटाळा आहे त्यांनी एकदा करून पाहावी.


फळा-खडू

धावदोराताई, तुमचा प्रश्न आज पुन्हा वाचला आणि आम्ही सगळ्यांनी एक वाक्य ओलांडून पुढे गेल्याचे लक्षात आले. घडांना कागद लावण्याचे काम चालू आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: रात्रीची थंडी आणि दुपारचे ऊन यांच्या फरकामुळे हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते आणि निर्यातीचा माल नाकारला जाण्याची भीती असते, म्हणून प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. बागेच्या एका टोकाला उभे राहून ओळीत पाहिले, तर हिरव्या छपराखाली शेकडो करडे-पांढरे आकार एकाच उंचीवर टांगलेले दिसतात. हा देखावा नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात फक्त थंडीत आणि फक्त काही आठवडे असतो. उद्या पुठ्ठ्याची खिडकी तिथे धरून पाहा.


धावदोरा

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण कागद लावणे काल संपले.

पुठ्ठ्याची खिडकी मी बागेत नेली तेव्हा कामावरच्या बायका हसल्या. मग एकेकीने ती मागून घेतली आणि त्यामुळे अर्धा तास मोडला. फळा-खडू सरांनी सांगितल्याप्रमाणे प्रमाण मोजले, तर वरचा गडद हिरवा पाच बोटे, त्याखाली कागदांची ओळ दोन बोटे आणि खालची माती तीन बोटे असे आले. अर्धे-अर्धे कुठेच नव्हते. जवळून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. कागद पांढरा नसतोच. मातकट करड्यावर छापील ओळी असतात, आणि दहा पावलांवरून त्या ओळींच्या नुसत्या बारीक रेघा होतात. गाठोडेताईंच्या सांगण्यावरून कापडाचे तीन ढीग केले, तेव्हा सासऱ्यांच्या सदऱ्यांत पांढऱ्यावर बारीक काळ्या रेघांचे दोन सदरे निघाले. तो कागद तयारच होता, आणि कापड टिकाऊ ढिगातले आहे.

मांडणी अशी ठरवते आहे: हिरव्या लुगड्यांचे रुंद पट्टे, त्यांच्या खाली सदऱ्याच्या कापडाचे वर रुंद आणि खाली निमुळते तुकडे, मग विटकरी पट्टा, असे तीन वेळा. डोक्याकडे हिरव्या लुगड्याचा पदर सबंध ठेवीन आणि आतले थर धोतरांचे घेईन. नांदूरमध्यमेश्वरचे हंस पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले आहेत. दोन शंका आहेत. ओळीत लांबवर पाहिले की कागद लहान लहान होत जातात, तसे तुकडे आठ इंचांपासून तीन इंचांपर्यंत लहान करत न्यावेत का? आणि दोरा कोणत्या रंगाचा घ्यावा?


फळा-खडू

चित्र असते तर मी हो म्हटले असते. गोधडीबद्दल गाठोडेताईंनी सांगावे.


गाठोडे

लहान करू नका, सगळे सारखेच ठेवा. चित्र समोर उभे राहून पाहतात. गोधडी वरून पाहतात, पायाकडून पाहतात आणि निम्मा वेळ तिच्या आतून पाहतात. लांबचे आणि जवळचे असा भेद तिला नसतो. शिवाय तीन इंचांच्या निमुळत्या तुकड्याला दुमडायला कापडच उरणार नाही. पुठ्ठ्याचा एकच साचा करा, चारही बाजूंनी पाव इंच जास्त धरून कापा आणि निमुळत्या बाजू कापडाच्या सरळ धाग्यात येत नसल्यामुळे शिवताना ओढू नका, नाहीतर सगळे कागद एका बाजूला कलतील.

दोरा पांढरा सुतीच घ्या, दुहेरी, आणि मेणावरून ओढून घ्या. हिरव्यावरून जाताना तो उठून दिसेल, सदऱ्यावर आला की रेघांत मिसळून जाईल. ओळी दोन बोटांच्या अंतराने घ्या. त्याहून दाट शिवली तर थरांमधली हवा दबते, गोधडी ताठ होते आणि मग ऊबही कमी लागते. हे वाऱ्याने हलणारे कागद आहेत, हे मला आता वाचूनच दिसू लागले आहे. तेव्हा एखादा तुकडा जरासा तिरका बसला तर उसवू नका.


कडबा

आणि त्यातला एक घड बिनकागदाचा राहू द्या. माणसांच्या हातून एखादा सुटतोच.


धावदोरा

सुटला आहे. सहाव्या ओळीत, खांबाच्या मागे. काल सासूबाईंनीच दाखवला.